व्याह्यांकडचं विरजण

१ जानेवारी १९८७, बोरी

भुजंगने ही डायरी आणून दिली. परभणीच्या बियाण्याच्या दुकानात फुकट मिळाली असावी, कारण प्रत्येक पानाच्या तळाशी कपाशीचं बोंड छापलेलं आहे. म्हणाला, "दादा, आता रिटायर झालात, रोज थोडं लिहीत जा." याचा अर्थ, रोज थोडं कमी बोलत जा. मी एकतीस वर्षं मास्तरकी केली, त्यातली शेवटची नऊ हेडमास्तर म्हणून. असे अर्थ मला कळतात.

सुरुवातीला आपल्याकडे काय आहे ते लिहावं. बायको धुरपताबाई. मुलगा भुजंग, शेती बघतो. सून चंद्रकला, पूर्णेची, सातवा महिना चालू आहे. आणि संडास, आमच्या आळीतला पहिला. भुजंगच्या लग्नाच्या वेळी, पंच्याऐंशी साली बांधला. मुलीचे वडील बन्सीधरराव पूर्णेला रेल्वेत नळ-गटारांचे मिस्त्री आहेत. संडास नसलेल्या घरात मुलगी देणार नाही, अशी त्यांनी अटच घातली होती. मी अट मान्य केली आणि संडास मागे परसात न बांधता पुढे रस्त्याच्या कडेला बांधला. केलेली गोष्ट लोकांना दिसली पाहिजे. टाकीवर शहाबादी फरशी घालून ओटा केला. रोज संध्याकाळी मी त्यावर बसून पेपर वाचतो, चार माणसं सल्ल्याला येतात.

त्याच लग्नात बन्सीधररावांनी मला मानाचा फेटा बांधला, तो इतका आखूड की शेमला मानेपर्यंतसुद्धा पोचला नाही. भुजंगच्या मामाचा शेमला कमरेपर्यंत. मी तेव्हापासून पूर्णेत पाऊल ठेवलेलं नाही.

संडासाची स्वच्छता मी कुणावर सोपवत नाही. रोज सकाळी अर्धी बाटली फिनेल स्वतःच्या हाताने ओततो. जंतू हे माणसाचे शत्रू आहेत, हे मी एकतीस वर्षं फळ्यावर लिहीत आलो.

९ जानेवारी

संडासाच्या भांड्यात पाणी तुंबायला लागलं आहे. बादली ओतली की पाणी वर येतं, विचार करतं आणि मग सावकाश खाली जातं.

तसं पाहिलं तर वापरणारी माणसं दोनच, मी आणि चंद्रकला. धुरपताबाईंचं म्हणणं, "जिथं जेवायचं तिथंच कसं जायचं?" भुजंगला शेतात मोकळं वाटतं.

आमच्यात सून सासऱ्याशी सरळ बोलत नाही. चंद्रकलेला मला काही सांगायचं असलं की ती पदर ओढून भिंतीकडे तोंड करते आणि भिंतीला सांगते. आज सांगत होती, "रोज फिनेल ओतल्यावर टाकी मरंल न्हाई तर काय व्हईल." भिंत काही बोलली नाही, मीही बोललो नाही. पोर चांगली आहे, पण दहावीपर्यंतच शिकलेली. टाकी काय जिवंत असते? उद्यापासून पूर्ण बाटली ओतणार आहे.

१८ जानेवारी

चंद्रकलेला बाळंतपणासाठी न्यायला बन्सीधरराव आले. मी घरच्या रीतीप्रमाणे ओट्यावर सतरंजी टाकून त्यांना बसवलं. चहा येण्याआधीच ते उठून उभे राहिले आणि विचारलं, "किशनराव, टाकीचं तोंड कुठंय?"

"आपण बसला होतात तिथंच," मी म्हणालो.

"आन् वायूची नळी?"

मी सांगितलं की धुराडं चुलीला असतं. त्यांनी शोषखड्डा कुठं आहे असंही विचारलं. मी म्हणालो, आमच्या टाकीतून काहीही बाहेर जात नाही, काम पक्कं आहे. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी पाढा चुकलो. चहा उभ्यानेच प्याले. फेटा आखूड बांधणारा माणूस आता नळी लांब नाही म्हणून नावं ठेवायला आला.

जाताना चंद्रकला पाया पडली. घर आजपासूनच रिकामं वाटायला लागलं आहे.

४ फेब्रुवारी

ओट्यावरची बैठक मोडली. मंडळी येतात, उपरणं तोंडाला लावून दोन वाक्यं बोलतात आणि काम आठवल्यासारखं करून निघून जातात. हे सोसायटीचे चेअरमन भगवानराव यांचं राजकारण आहे, यात मला शंका नाही. आज ते स्वतः आले, नाक धरूनच बोलले. सर्दी झाली का विचारलं तर म्हणाले, "न्हाई गुरुजी, सर्दी झाली असती तर बरं झालं असतं." असं तिरकं बोलण्याची त्यांची जुनी खोड आहे.

१६ फेब्रुवारी

संडास पूर्ण बंद. भांडं काठोकाठ.

हे लिहायला हात धजत नाही, पण खोटं लिहायचं तर डायरी कशाला. आज पहाटे मी टमरेल घेऊन जिंतूर रस्त्याने गेलो. वाटेत माझे अकरा माजी विद्यार्थी भेटले. अकराही जण उठून उभे राहिले आणि "नमस्ते गुरुजी" म्हणाले. शिस्त मीच लावलेली.

२० फेब्रुवारी

टाकी बांधणारा गवंडी मुंजाजी याला बोलावून घेतलं आणि झापलं. तो शांतपणे तंबाखू मळत राहिला. मग म्हणाला, "गुरुजी, मी जल्मभर पेवं बांधली. तुमीच म्हणले व्हते, पेवासारखं पक्कं कर, थेंब भाईर जाता कामा न्हाई. केलं. अजून एक थेंब भाईर गेला न्हाई."

खरं आहे. टाकीचा तळ, आकार, चिंचोळं तोंड, सगळं जमिनीतल्या धान्याच्या पेवासारखं. पेवात ज्वारी भरून तोंड लिंपून टाकतात आणि गरज लागली की उघडून काढतात. आमच्या पेवातून काढायचं कुणी, हे दोघांनीही विचारात घेतलं नव्हतं. मुंजाजी म्हणाला ओटा फोडावा लागेल. ओटा फोडणार नाही, असं मी स्पष्ट सांगितलं.

१२ मार्च

पूर्णेहून कार्ड आलं. मुलगी झाली. दोघी खुशाल. मी गावात साखर वाटली, भगवानरावांनाही दिली.

२४ मार्च

बारशाला भुजंग आणि धुरपताबाई गेले होते. मी गेलो नाही. आमंत्रणाच्या पत्रात "सहकुटुंब येणे" असं मोघम लिहिलं होतं, माझं नाव वेगळं घातलं नव्हतं.

धुरपताबाई सांगतात, पोरीचं नाक माझ्यासारखं आहे. नाव वैशाली ठेवलं. मग पानाला चुना लावत लावत म्हणाल्या, "चंद्रकला म्हणाली, टाकी नीट व्हईस्तोवर पोरीला घिऊन येणार न्हाई. बाळंतीण बाईनं टमरेल घिऊन रानात जायचं का?"

मी म्हणालो, "माहेरच्यांनी शिकवलं असेल."

"शिकवलं न्हाई. तिनंच सांगितलं. आन् भिंतीला न्हाई, मला सांगितलं."

रात्रभर पंधरा वेळा तेच डोक्यात. माझं नाक पूर्णेत आणि मी बोरीत.

९ एप्रिल

ओढ्यापलीकडच्या वस्तीत गेलो होतो. धुरपताबाई नको म्हणत होत्या. "ती माणसं मेलेलं ढोर बी उचलंनात आता. त्यांना हे सांगायला जायलात?" तरी गेलो, कारण दौलत माझा विद्यार्थी. आता एस.टी.त कंडक्टर आहे, परभणी-जिंतूर गाडीवर असतो. वाटलं, तो कुणाला तरी सांगेल.

दौलतने खुर्ची दिली, चहा दिला, मुलाबाळांची चौकशी केली. मग मी टाकीचं काढलं. त्याचा आवाज जरासुद्धा चढला नाही.

"गुरुजी, आरोग्याच्या तासाला तुमी शिकवलं व्हतं, आपली घाण आपण साफ करावी. वार्षिक परीक्षेला तोच प्रश्न आला व्हता. मला पैकीच्या पैकी मार्क दिले तुमी."

दिले होते. अक्षरही सुंदर होतं त्याचं. मी चहा संपवला आणि घरी आलो. वाटेत फार लाज वाटली. उत्तर मीच तपासलेलं, आणि दुसऱ्याला विचारायला गेलो.

१९ एप्रिल

येडबा धनगर आपली मेंढरं घेऊन आला आहे. दर उन्हाळ्यात आमच्या मोकळ्या रानात त्याची मेंढरं आठ दिवस बसतात, रानाला खत मिळतं, त्याला ज्वारी. आज ज्वारी न्यायला घरी आला आणि संडासाजवळच्या रिकाम्या बाटल्यांची रांग बघून थांबला. "गुरुजी, एवढं फिनेल कुणाला पाजलं?"

टाकीला, मी म्हणालो. येडबा खाली बसला. "आमच्या येका मेंढीनं गेल्या साली फिनेलचं पाणी पिलं. मेली न्हाई, पर रवंथ बंद. पोट फुगून दगडावानी. पोटात आंबवण असतंय गुरुजी, त्या आंबवणावर चारा मुरतो. ते मेलं की खाल्लेलं तसंच पडून ऱ्हातं."

"मग काय केलंस?"

"दुसऱ्या चांगल्या मेंढीच्या तोंडातला रवंथाचा घास काढला आन् हिच्या नरड्यात घातला. दोन दिसात उठून चरायली. विरजणच की ते."

तो गेला तरी मी बाटल्यांकडे बघत बसलो. मोजल्या नाहीत. जे जंतू माझ्या टाकीत बसून माझंच काम करत होते, त्यांना मी रोज सकाळी अंघोळ करून, नेमाने मारत होतो. चंद्रकला भिंतीला सांगत होती ते हेच. भिंतीला कळलं असेल, मला कळलं नाही.

२२ एप्रिल

बन्सीधररावांना पत्र. पाच कागद फाडले. "आपला कृपाभिलाषी" खूप वाटलं, "आपला" कमी वाटलं. शेवटी एवढंच लिहिलं: "टाकी भरली आहे. चूक माझी आहे. काय करावे ते कळवावे. वैशालीला आशीर्वाद. किशन." पेटीत टाकल्यावर हात आत घालून परत काढता येतं का पाहिलं. येत नाही.

२७ एप्रिल

पत्राला उत्तर आलं नाही, बन्सीधररावच आले. रजा काढून, पिशवीत जुने कपडे घेऊन. फेट्याचा विषय कुणी काढला नाही.

त्यांनी डायरीचंच एक पान मागून घेतलं आणि चित्र काढलं. टाकीत तीन थर असतात. जड ते तळाला बसतं, तो गाळ. हलकं ते वर तरंगतं, ती साय. मधलं पाणी बऱ्यापैकी निवळ, ते नळीतून बाहेर शोषखड्ड्यात जायला हवं, तिथं दगड-विटांच्या तुकड्यांतून जमिनीत मुरतं. गाळ-साय पाण्याबरोबर जाऊ नये म्हणून मधे भिंत. हवेशिवाय जगणारे जंतू गाळ खाऊन कमी करतात, त्यातून वायू होतो, त्याच्यासाठी उंच नळी. "पर जंतूंनी कितीबी खाल्लं तरी थोडं मागं उरतंयच," ते म्हणाले. "म्हणून तीन वर्षांनी उघडून गाळ काढायचा. आन् सगळा खरवडून न्हाई काढायचा. विरजणापुरता ठिवायचा."

धुरपताबाई आतून ऐकत होत्या. रात्रीच्या जेवणात दूध-भात होता. त्यांनी वरची साय काढून मांजराला घातली.

२९ एप्रिल

ओटा फोडला. पहिली पहार मीच मारली. दुसऱ्याने मारली असती तर जास्त लागलं असतं.

फरशी निघाली तसा मुंजाजी कंदील पेटवून दोरीला बांधायला लागला. पेव उघडलं की आधी कंदील सोडून बघायचा, विझला तर आत विषारी हवा, हे इकडे सगळ्यांना ठाऊक आहे. बन्सीधरराव धावत आले, कंदील हिसकून घेतला आणि पार रस्त्यापलीकडे नेऊन विझवला. "पेवात कंदील विझतो मुंजाजी. हितं भडका उडंल आन् आपणच विझू. विडी बी न्हाई." दोन दिवस तोंड उघडं ठेवायचं आणि काही झालं तरी आत कुणी उतरायचं नाही, वरूनच उपसायचं, असं त्यांनी मुंजाजीकडून आणि माझ्याकडून वदवून घेतलं.

दुपारपर्यंत आळीतल्या सगळ्यांना पाहुण्यांकडे दोन दिवसांची महत्त्वाची कामं निघाली.

३ मे

तीन दिवस उपसा. लांब बांबूला बादली. मी, भुजंग आणि बन्सीधरराव. मी सकाळी धोतर खोचून उभा राहिलो तेव्हा भुजंग म्हणाला, "दादा, तुमी राहू द्या." मी म्हणालो, वापरणारा मी, तू तर शेतात जातोस. त्याने बांबू माझ्या हातात दिला.

पहिल्या बादलीला ओकारी आली. दहाव्या बादलीला भूक लागली. बैलगाडीवर पिंप ठेवून सगळं आमच्याच रानाच्या टोकाला खोल खड्ड्यात नेऊन टाकलं, वर राख आणि माती. वर्षभर उघडायचं नाही, मग सोनखत. विरजण ठेवायचं म्हटलं तर आमच्या तळाला ठेवण्यासारखं काही नव्हतं. नुसता फिनेलचा वास. बन्सीधरराव काठीने ढवळून म्हणाले, "सगळं मेलंय."

संध्याकाळी आम्ही दोघं विहिरीवर एकमेकांच्या पाठीवर पाणी ओतत होतो. ते म्हणाले, "लग्नात फेटे बांधणारा कापड अंदाजानं फाडत आला. तुमची पाळी आली तवा ठाणच संपलं. मला सांगायची लाज वाटली." मी म्हणालो, पाणी अजून थोडं ओता.

९ जून

मुंजाजीने मधली भिंत, दोन्ही तोंडांना फरशीची झाकणं, उंच नळी आणि शोषखड्डा, सगळं चित्राप्रमाणे केलं. ओटा आता पलीकडे लिंबाखाली आहे. टाकीत पाणी भरलं. आता विरजण. शेणकाल्यावरही भागतं म्हणतात, पण बन्सीधररावांचं कार्ड आलं: "आमच्या टाकीचे देतो. दहा वर्षांचे जुने व खात्रीचे आहे. मुलीला न्यायला स्वतः यावे." माझं नाव ठळक अक्षरात. भुजंगची पेरणी चालू आहे. मी उद्या निघतो.

११ जून

काल पूर्णेला पोचलो. दोन वर्षांनी. वैशाली पाळण्यात झोपली होती. नाक खरोखर माझंच आहे, बिचारीचं. उचलून घ्यावंसं वाटलं, पण बारशाला न आलेला माणूस कोणत्या तोंडाने हात पुढे करणार? लांबूनच बघत राहिलो.

आज सकाळी पाठवणी. विहीणबाईंनी चंद्रकलेची ओटी भरली. बन्सीधररावांनी मला पाटावर बसवून फेटा बांधला. बांधतच राहिले. शेमला गुडघ्याखाली आला, चालताना पायात येत होता. मग आतून दुधाचा कॅन आणला, तोंडाला मेण लावून वर फडकं घट्ट बांधलेलं, आणि दोन्ही हातांनी माझ्या हातात दिला. आयुष्यात मी व्याह्यांकडून हात पुढे करून घेतलेली ही एकच वस्तू.

रेल्वेत जागा मिळाली. कॅन मी पायांत धरून बसलो. परभणीला जिंतूर गाडीत मात्र मुंगीला शिरायला वाव नव्हता. मी एका हाताने दांडा आणि एका हाताने कॅन धरून उभा. चंद्रकला पोरीला आणि पिशवीला सांभाळत माझ्यापुढे. गाडीने गचका दिला तशी ती वळली. गाडीत भिंत नव्हती. पदर सावरून सरळ माझ्याकडे बघून म्हणाली, "मामा, हिला घ्या की. मी पडंल."

दोनच हात आहेत मला. तेवढ्यात शेजारच्या सीटवरून आवाज आला, "आणा गुरुजी, कॅन इकडं." भगवानराव. त्यांनी कॅन मांडीवर घेतला, उपरण्याने पुसला. "तूप काय?"

"विरजण," मी म्हणालो. "व्याह्यांकडचं."

"पूर्णेहून विरजण? लय मान ठिवला बुवा तुमचा." आणि कॅनला दोन्ही हातांनी मिठी मारून बसले.

मी वैशालीला घेतलं. एवढीशी. तिने डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि फेट्याचा शेमला मुठीत पकडला. बसमध्ये चाळीस माणसं उभी होती, मला एकही दिसत नव्हतं.

तिकीट फाडत दौलत आला. कॅनकडे पाहिलं, भगवानरावांकडे पाहिलं, मग वाकून हळूच विचारलं, "गुरुजी, टाकी कुणी उपसली?"

"मी. भुजंग आणि व्याही होते बरोबर."

दौलतने तिकिटं माझ्या खिशात घातली. "पैकीच्या पैकी," म्हणाला आणि घंटी मारली.

झरी गेल्यावर वैशालीने माझ्या धोतरावर आपल्याकडचंही विरजण घातलं. चंद्रकला घाबरून हात पुढे करत होती. मी म्हणालो, राहू दे. बोरीपर्यंत हललो नाही.

उतरताना भगवानरावांनी कॅन परत दिला. "एक थेंब सांडू दिला न्हाई, गुरुजी." मी त्यांचे मनापासून आभार मानले.

१४ जून

परवा कॅन मीच ओतला. धुरपताबाईंनी हळद-कुंकू आणलं होतं, कशाला वाहायचं ते न कळून शेवटी नळीला वाहिलं.

मुंजाजीने काल झाकणाची एक बाजू पुन्हा लिंपली. ओल्या सिमेंटात मी खिळ्याने लिहिलं: जून १९९० ला उघडणे. तेव्हा वैशाली तीन वर्षांची असेल आणि मी एकसष्टचा. बांबू अजून उचलेन.

आज सकाळी चंद्रकला संडासातून बादली घेऊन बाहेर आली. मी लिंबाखाली पेपर उघडा धरून, कान तिकडे लावून बसलो होतो. ती माझ्यासमोर येऊन थांबली.

"मामा, पाणी गेलं," म्हणाली, आणि मी सवयीने ओट्याखाली ठेवलेली फिनेलची शेवटची बाटली उचलून घरात गेली.